‘म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर ना?’ : एडीएचडी असलेले बाबा, साडेचार वर्षांची मुलगी आणि दुसऱ्या बाळाचा प्रश्न

दवाखान्यात आम्ही पालकांना नावाने हाक मारत नाही, ‘आई’, ‘बाबा’ असंच म्हणतो. इथेही तेच ठेवलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी कुटुंबाची परवानगी घेतली आणि मसुदा बाबांना वाचायला दिला. चार बैठकांत वाचून संपवला, असं त्यांनीच सांगितलं.

पार्श्वभूमी

बाबा ३६ वर्षांचे, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. आई ३३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. घरात चौथी आजी, बाबांची आई.

बाबांचं एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावीळपणा) निदान आमच्याकडे येण्याच्या आठ महिने आधी झालं होतं. बारा वर्षांत ही पाचवी नोकरी. खात्यात पैसे असूनही गाडीचे हप्ते चुकलेले. गॅसवर दूध ठेवून ‘आलोच’ म्हणत खाली जायचं आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसायचं, हे तर रोजचंच. पण एके दिवशी ते मुलीला शाळेतून आणायला विसरले. शिपाईमामांबरोबर ती दीड तास फाटकाशी बसून होती. त्या रात्री त्यांनी स्वतःच मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर शोधला.

मोठेपणी हे निदान करायचं तर लक्षणं वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसली होती का, हे पाहावं लागतं. मोठेपणी अचानक उगवलेल्या विसराळूपणाची कारणं वेगळी असतात. आजीने ट्रंकेतून चौथीचं प्रगतिपुस्तक काढून दिलं. बाईंचा शेरा होता : ‘हुशार आहे, पण लक्ष नाही. जागेवर बसत नाही.’ एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवल्याची गोष्ट आजीने हसत हसत सांगितली आणि लगेच पुढे म्हणाली, “पण आमच्या घराण्यात असलं काही नाही हो. पहिल्यापासून जरा धांदरट आहे, एवढंच.”

बाबांना मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकायला मदत करणारं औषध सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक फाइल उघडली आणि ती पूर्ण करूनच बंद केली. हे सांगताना ते रडले होते, असं त्यांच्या डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं. तीन महिन्यांनी मात्र गोळ्या बंद पडल्या. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, त्यामुळे ते सगळ्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. दर महिन्याला तारीख लक्षात ठेवायची, डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि हे सगळं करायचं कोणी? ज्याला या तीन गोष्टी जमत नाहीत म्हणून औषध दिलंय, त्याने! नियमामागचं कारण मला मान्य आहे. पण गोळी सुटली की ‘रुग्णाला उपचाराचं गांभीर्य नाही’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांनी हा रस्ता एकदा चालून पाहावा.

अडचण

आमच्याकडे आई आली ती मुलीच्या शाळेची डायरी घेऊन. बाईंनी लिहिलं होतं : ‘गोलात बसत नाही. गोष्ट चालू असताना उठून जाते. दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही. कृपया लक्ष द्यावे.’

पण डायरी हे निमित्त होतं. दोघं दुसऱ्या बाळाचा विचार करत होते. बाबांच्या निदानानंतर तो विचार अडकला. आईचे प्रश्न तीन होते आणि तिने ते एका दमात विचारले. “मुलीला हेच आहे का? दुसऱ्यालाही होईल का? आणि मॅडम, गर्भातच कळतं का?”

घरात आणखी एक ताण होता, तो तिने तिसऱ्या भेटीत सांगितला. माहेरी कळल्यावर तिचे वडील म्हणाले होते, “लग्नाआधी लपवलं. ही फसवणूकच आहे.” लग्न झालं तेव्हा बाबांना स्वतःलाच हे माहीत नव्हतं, हे त्यांना पटत नव्हतं. इकडे आजी नातीने पेला सांडला तरी म्हणायची, “खाण तशी माती. बापावर गेलीय.” हे ऐकलं की बाबा उठून गॅलरीत जायचे.

आकड्याचा घोळ

इथली चूक माझी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या भेटीत बाबांनी विचारलं, “हे किती आनुवंशिक असतं?” मी म्हणाले, बरंच. जुळ्यांवरच्या ३७ अभ्यासांची सरासरी काढली तर आनुवंशिकता ७४ टक्के येते. वाक्य बरोबर होतं. दोघंही शिकलेले, बाबांचं तर कामच आकड्यांचं. समजलं असेल, असं मी धरून चालले. आईने वहीत ७४ लिहून त्याभोवती गोल केला.

पुढच्या भेटीला दोघं एक रंगीत पत्रक घेऊन आले. एका प्रयोगशाळेचं, लहान मुलांची ‘डीएनए चाचणी’ करून स्वभाव, कल आणि ‘एडीएचडीचा धोका’ सांगणारं. किंमत १८ हजार. अर्धे पैसे भरून झाले होते. मी विचारलं, हे का? आई म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना, शंभरातल्या चौऱ्याहत्तर मुलांना होतं. मग खात्री करून घेतलेली बरी.”

७४ टक्के हा आकडा एका मुलाबद्दलचा नाही. लोकांमध्ये चंचलपणाच्या, लक्ष लागण्या-न लागण्याच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्या फरकाचा किती वाटा जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, हे तो सांगतो. मी उंचीचं उदाहरण दिलं. उंचीची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे उंच बापाचं प्रत्येक मूल ८० टक्के खात्रीने उंच होईल का? बाबा पावणेसहा फुटांचे आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ साडेपाच फुटांचे. बाबा म्हणाले, “म्हणजे हा बॅचचा आकडा आहे, एका पीसचा नाही.” इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी हेच वाक्य वापरते.

मग त्यांना खरोखर हवा असलेला आकडा कोणता? शाळकरी मुलांमध्ये एडीएचडीचं प्रमाण जगभरात साधारण ५ टक्के धरतात. ज्या मुलांना तो आहे, त्यांच्या आई-वडिलांत आणि भावंडांत तो इतरांपेक्षा पाच ते नऊ पट जास्त सापडतो. उलट बाजूने, म्हणजे एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांची मुलं पाहिली, तर आकडे बरेच खालीवर होतात. अमेरिकेतल्या १९९५ च्या एका छोट्या अभ्यासात ते ५७ टक्क्यांवर गेले होते, पण ही कुटुंबं दवाखान्यापर्यंत पोचलेली होती. त्रास जास्त असतो तेच दवाखान्यात येतात, त्यामुळे असा आकडा फुगलेला असण्याची शक्यता मोठी. मी त्यांना म्हणाले, “शक्यता इतरांपेक्षा नक्कीच बरीच जास्त आहे. होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. आणि झालंच तर किती तीव्र असेल, हे त्या आकड्यात नसतंच.”

गर्भातल्या चाचणीचं उत्तर सरळ होतं : अशी चाचणी नाही. एखादं जनुक बिघडलं आणि एडीएचडी झाला, असं सहसा होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या ३८ हजारांहून अधिक लोकांची जनुकं तपासली, तेव्हा डीएनएवरच्या २७ जागा हाती लागल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक, आणि अशा हजारो जागा मिळून कल ठरतो. त्यांची बेरीज करून मोठ्या समूहाबद्दल काही बोलता येतं, समोर बसलेल्या मुलीबद्दल नाही. पत्रकातली चाचणी अचूक झाली असती, तरी तिच्या निकालावरून आमचा एकही निर्णय बदलला नसता. उरलेले नऊ हजार वाचले, भरलेले परत मिळाले नाहीत.

समोर असलेले पर्याय

आम्ही तिघं बसलो, म्हणजे मी, बाबांचे मानसोपचारतज्ज्ञ आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. आई-बाबांना दुसऱ्या अर्ध्या तासात आत घेतलं.

मुलीचं रीतसर निदान लगेच करायचं का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका चौथ्या वर्षापासून तपासणी सुरू करायला सांगते, म्हणजे वय आड येत नव्हतं. पण साडेचार वर्षांचं मूल गोलात बसत नाही यात नवल किती? शिवाय लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. घरी ती चिकणमातीशी पाऊण तास खेळायची. यावरून काहीच सिद्ध होत नाही हेही खरं, कारण आवडीच्या कामात एडीएचडी असलेल्यांचं लक्ष भलतंच लागतं. बाबांचा पत्त्यांचा डाव पाहिला की कळतं.

दुसरा पर्याय, निदान बाजूला ठेवून पालक-प्रशिक्षण सुरू करायचं, म्हणजे अशा मुलाशी कसं वागायचं हे पालकांना शिकवायचं. चार ते सहा या वयात औषधाआधी तेच करायचं असतं, निदान झालं तरी आणि नाही झालं तरी. आईचा कौल याला होता.

तिसरा, आधी बाबा. मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रिटनमधल्या २००२ च्या एका अभ्यासाची आठवण करून दिली. ज्या आयांमध्ये एडीएचडीची लक्षणं जास्त होती, त्यांच्या मुलांमध्ये पालक-प्रशिक्षणाने फारशी सुधारणा झाली नाही. कारण उघड आहे. या प्रशिक्षणाचा कणाच सातत्य : सांगितलेलं तसंच करायचं, रोज करायचं, लगेच करायचं. पण मी उलटी बाजूही मांडली. नंतर जर्मनीत आयांवर आधी उपचार करून मग प्रशिक्षण दिलं गेलं. आया सुधारल्या, मुलांना त्याचा वेगळा असा ठळक फायदा दिसला नाही. तेव्हा बाबांचं औषध ‘मुलीसाठी’ म्हणून विकू नये, असं माझं म्हणणं होतं. ते बाबांसाठीच असावं. नाही तर मुलीने पेला सांडला की त्याची किंमत बाबांच्या गोळीला मोजावी लागेल.

दुसऱ्या बाळाबद्दल आम्ही कौल दिला नाही. आईने दोनदा विचारलं, “तुम्ही असता तर?” मी उत्तर दिलं नाही.

काय केलं

आधी वंशवृक्ष काढला. खरं तर हे पहिल्याच भेटीत व्हायला हवं होतं. तीन पिढ्या कागदावर मांडल्या. बाबांकडून आजोबांचं नाव आलं. बैलगाडी बाजारात विसरून एसटीने घरी आलेले आजोबा गावात अजून सांगितले जातात. मग आईची बाजू. ती सुरुवातीला म्हणाली, “आमच्याकडे कोणी नाही.” लिहिता लिहिता हात थांबला. धाकटा भाऊ. तीन कोर्स अर्धवट, दोन अपघात, लायसन्स चार वेळा हरवलेलं. त्याला आम्ही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे शिक्का मारायचा प्रश्नच नव्हता. पण कागदावर दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे गोल आल्यावर ‘फसवणूक’ हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही. तो कागद आईने स्वतः माहेरी नेला.

मग मुलीचे कान. आमच्यातल्या दुसऱ्या कोणालाही हे सुचलं नव्हतं, बालरोगतज्ज्ञांना सुचलं. डायरीतलं ‘दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही’ हे वाक्य त्यांनी शब्दशः घेतलं. दोन हिवाळे सतत सर्दी, झोपेत घोरणं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं तर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं आणि ऐकू थोडं कमी येत होतं. एकेकट्याशी बोलताना हे जाणवत नाही. गोलात, पंचवीस मुलांच्या कालव्यात, मागच्या बाजूला बसलेल्या मुलीला बाईंची गोष्ट पोचतच नसेल तर ती उठून जाणारच. लगेच काही न करता तीन महिने थांबायचं ठरलं. पाणी आपणहून ओसरलं. तोवर बाईंनी तिला पुढे, स्वतःजवळ बसवलं.

वडिलांचं निदान माहीत नसतं, तर कान कदाचित पहिल्याच आठवड्यात तपासले गेले असते. आपल्याला उत्तर माहीत आहे असं वाटलं, की आपण प्रश्न नीट वाचत नाही.

बाबांचं औषध पुन्हा सुरू झालं, रक्तदाब, नाडी पाहून. या वेळी चिठ्ठीचं काम वाटून घेतलं. डॉक्टरांची वेळ ठरलेली, महिन्याचा पहिला शनिवार. मेडिकल एकच, आणि निघण्याआधी तिथे फोन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजी खूण करते. ‘असलं काही नाही’ म्हणणाऱ्या आजीला हे काम देणं ही आईची कल्पना. मला ती धोक्याची वाटली होती, पण आजी एकही शनिवार चुकली नाही.

सहा आठवड्यांनी प्रशिक्षण सुरू केलं, आठ बैठका, दर पंधरवड्याला. पहिल्या दोन फसल्या. आम्ही नेहमीचा तक्ता दिला होता : रोजच्या वागण्याच्या नोंदी, चांदण्या, आठवड्याची बेरीज. बाबांनी तो हरवला, पुन्हा छापला, पुन्हा हरवला. शेवटी आई रात्री अकराला आठवून आठवून भरू लागली. म्हणजे आम्ही आईच्या डोक्यावर आणखी एक काम चढवलं होतं. ती आधीच नवरा, मुलगी आणि सासू अशा तिघांचं घड्याळ होऊन बसली होती.

तिसऱ्या बैठकीत तक्ता रद्द केला. बाबांकडे दोनच गोष्टी ठेवल्या. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मुलीला घेऊन खाली मैदानात वीस मिनिटं. आणि सूचना द्यायची तर जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून, एका वेळी एकच. ‘हातपाय धू, दप्तर ठेव, डबा दे’ बंद. ‘चपला काढायच्या आधी’ हे महत्त्वाचं होतं. एकदा खुर्चीत बसले की बाबा उठत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं.

काय झालं

कान बरे झाल्यावर शाळेच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, असं बाईंचं म्हणणं. पूर्ण थांबल्या नाहीत. मैदानावरची वीस मिनिटं टिकली, पावसाळ्यात जिन्यात टिकली. बाबांनी नोकरी बदलली नाही. ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे गोळ्या मिळाल्या नाहीत, मेडिकलमध्ये साठाच नव्हता. ते दिवस घराला जड गेले.

मुलगी साडेसहा वर्षांची झाल्यावर रीतसर तपासणी केली. शिक्षिकेचा आणि पालकांचा वेगवेगळा फॉर्म, पुन्हा श्रवणचाचणी, वर्गात जाऊन निरीक्षण. निदानासाठी लक्ष न लागण्याच्या किंवा चंचलपणाच्या नऊपैकी सहा खुणा लागतात, तिच्या दोन्ही ठिकाणी सातच्या वर भरल्या. एडीएचडी आहे. सौम्य ते मध्यम. औषध अजून दिलेलं नाही.

निदान सांगितलं तेव्हा मी बाबांकडे पाहत होते. आई शांत होती. बाबांनी मुलीला विचारलं, “तुला गणिताच्या तासाला काय होतं गं?” ती म्हणाली, “खुर्ची टोचते.” बाबा म्हणाले, “मलापण टोचायची.”

दुसरं बाळ झालं, मुलगा, आता अकरा महिन्यांचा. त्याने पाय झाडले की आजी अजून ‘बापावर गेलाय’ म्हणते, पण आता ‘खाण’ काढत नाही. जन्मानंतरची श्रवणचाचणी आईने कोणी न सांगता करून घेतली. बाकी त्याच्याबद्दल आत्ता काही ठरवायचं नाही, असं ठरलं आहे.

पुन्हा असं कुटुंब आलं तर

आनुवंशिकतेचा आकडा मी पहिल्या भेटीत देणार नाही. विचारला तर आधी विचारीन, हा आकडा कळला तर तुम्ही काय वेगळं कराल? या आईचं उत्तर ‘दुसरं बाळ नको’ असं नव्हतं, हे मला पाच महिन्यांनी कळलं. तिला तयारी करायची होती. त्यासाठी टक्केवारी लागत नव्हती. आणि दिलाच आकडा, तर समोरच्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावीन, तेवढी पाच मिनिटं घालवीन.

वंशवृक्ष दोन्ही बाजूंचा, आणि पहिल्याच दिवशी. कान, डोळे, झोप, हिमोग्लोबिन हे निदानाच्या गप्पांआधी.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना वाटतं, मुलीची तपासणी पाचव्या वर्षी करता आली असती आणि एक वर्ष वाचलं असतं. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, त्या वर्षात नाव दिलं असतं तर आजीच्या तोंडी ते चोवीस तास राहिलं असतं. मी दोन्हीकडे झुकते. प्रशिक्षण तर सुरूच होतं, म्हणजे मदत थांबली नव्हती. पण पहिलीच्या पहिल्या सत्रात तिने जो ओरडा खाल्ला, तो शाळेच्या हातात कागद असता तर कदाचित कमी झाला असता.

आणि तक्ता. एडीएचडी असलेल्या पालकाला नोंदी ठेवायला सांगणारा तक्ता आम्ही वर्षानुवर्षं वाटत होतो. आता वाटत नाही.

मागच्या महिन्यात आईच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याने स्वतःहून वेळ मागितली. पहिल्या वेळेला तो आला नाही. दुसरी दिली आहे.